मोजे काढायला सांगा, आणि एकदा एका खोलीत बसा

इंदूर शहरातले सर्व कर्करोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ डॉक्टर यांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

माझ्याकडे एक कापडी पिशवी आहे. तिच्यात दोन फायली असतात. हिरवी आमवाताची, म्हणजे तुमच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, एकोणीस वर्षांची. पिवळी कर्करोगाची, अजून वर्षाचीही नाही, पण जाडीत हिरवीच्या पुढे गेली. जुलैपासून मी या दोन फायलींमधली टपालवाली आहे. हिरव्या फायलीचे डॉक्टर म्हणतात, "आमवाताचं ते मेथोट्रेक्सेट बंद करायचं का, ते त्यांना विचारून या." पिवळ्या फायलीचे म्हणतात, "वो तो आपके रूमेटोलॉजिस्ट देखेंगे." मी रिक्षा करते, रामबागेतून एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही दवाखान्यांत अंतर पंधरा मिनिटांचं. माझे हे दोन्ही डॉक्टर मला एका रिसेप्शनमध्ये एकाच टेबलावर जेवताना दिसले आहेत, त्यामुळे ओळख नाही असंही म्हणता येत नाही.

रागाने लिहीत नाहीये. राग आला होता तेव्हा लिहिलं नाही, ते बरं झालं. दोघांनी माझ्यासाठी मनापासून खटपट केली आहे आणि म्हणूनच नावं घालत नाही. पण माझ्यासारखे, म्हणजे आधी एक ऑटोइम्यून आजार, अंग स्वतःवरच उलटतं तो, आणि त्यावर कर्करोग असे, या शहरात मी एकटीच असेन असं मला वाटत नाही. बाहेरच्या बाकावर बसून बसून ओळखी होतात. एक सोरायसिसवाले काका आहेत, एक थायरॉइड आणि ल्युपसवाली मुलगी आहे, माझ्या सुनेच्या वयाची. प्रत्येकाकडे अशीच एक पिशवी.

सुरुवात पायापासून करते, कारण सगळं तिथेच चुकलं.

थंडीत माझे सांधे जास्त धरतात, म्हणून आठवड्यातून दोनदा एक बाई तेल लावायला येते. जानेवारीत एकदा तिने माझा डावा पाय मांडीवर घेतला आणि हात थांबवला. "आंटीजी, ये दाग पिछली बार इत्ता बड़ा नहीं था." मी तो डाग तोवर पाहिलाच नव्हता. पाहणार कसा? गुडघा पुरता दुमडत नाही, घोटा वळत नाही. स्वतःचा तळवा मी शेवटचा कधी पाहिला होता, आठवत नाही. ह्यांचा दाढीचा आरसा जमिनीवर ठेवला, त्याच्यावर पाय धरला, तेव्हा दिसला. टाचेच्या आतल्या कडेला, काळपट तपकिरी, एका बाजूने टीपकागदावर शाई फुटावी तसा पसरलेला. शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा.

एका दवाखान्यात सांगितलं, कुरूप आहे. तुमची चाल बिघडली आहे, टाचेवर भार येतो, आमवातात असं होतंच. दोन महिने कुरुपाची पट्टी लावली. पट्टीने कातडी पांढरी पडून निघायची आणि खाली तो डाग तसाच, उलट जास्त काळा. मार्चमध्ये त्यातून रक्त आलं. एप्रिलमध्ये बायॉप्सी झाली. मेलानोमा.

कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. हा शब्द मला माहीत होता, पण गोऱ्या लोकांचा, समुद्रकिनारी उन्हात पडून होणारा रोग म्हणून. आपण सावळे लोक, आपल्याला काय त्याचं! पुण्याची माझी भाची फार्मसी शिकवते, तिने समजावलं की आपल्याकडे मेलानोमा एकूणच कमी, पण होतो तो पुष्कळदा तळव्याला, तळहाताला, नाहीतर नखाखाली, जिथे ऊन फारसं लागत नाही. बॉब मार्ले नावाच्या गायकाला हाच झाला होता, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. सुरुवातीला फुटबॉल खेळताना लागलंय असं समजले. १९८१ साली गेला, वय ३६. माझ्या नातवाच्या टी-शर्टावर त्याचं चित्र आहे. ते मी किती वेळा धुतलं असेल.

संधिवाततज्ज्ञांनो, आता तुम्हाला थोडं टोचेल असं बोलते. एकोणीस वर्षांत माझ्या बोटांची पेरं प्रत्येक भेटीत दाबून पाहिली गेली. दुखरे सांधे मोजायचा तुमचा अठ्ठावीस सांध्यांचा हिशोब मला पाठ आहे: खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. त्यात घोटा नाही आणि पाऊलही नाही. म्हणून मोजे काढायला कोणी सांगत नाही. बाहेर चाळीस पेशंट खोळंबलेले असतात, मोजे काढायला आणि घालायला माझ्यासारखीला पाच मिनिटं लागतात, हे सगळं कळतं. तरी वर्षातून एकदा सांगा. ज्याला स्वतःचा तळवा दिसत नाही त्याचा तळवा दुसऱ्या कोणीतरी पाहायला हवा, आणि तेलवाली बाई प्रत्येकाच्या घरी येत नाही.

मे महिन्यात टाचेचा तो भाग मोठा कापून काढला, मांडीची कातडी तिथे लावली. जांघेत गाठ होती, तिच्यातही रोग निघाला. जूनमधल्या पेट स्कॅनमध्ये फुफ्फुसात तीन ठिपके. म्हणजे चौथी पायरी. हे मी चार ओळींत उरकते आहे, कारण यात तक्रार करण्यासारखं काही नाही. सर्जननी हात राखून काम केलं नाही आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी माझ्या हातात चमचा धरता येत नाही हे न सांगता ओळखलं.

मग औषधाचा प्रश्न आला. बीआरएएफ नावाच्या जनुकातल्या बदलाची तपासणी निगेटिव्ह आली, त्यामुळे त्या बदलावर चालणाऱ्या गोळ्यांचा रस्ता बंद. राहिली इम्युनोथेरपी. आणि इथे माझा हिरव्या फायलीचा आजार दारात आडवा पडला.

माझ्या आजाराला मराठीत फार चपखल शब्द आहेत: कुंपणानेच शेत खाल्लं. अंगाची राखण करणाऱ्या पेशी सांध्यांवरच तुटून पडतात. एकोणीस वर्षं तुम्ही त्यांना आवरत आलात, दर रविवारी मेथोट्रेक्सेट, रोज स्टेरॉइड. आता कर्करोगाचे डॉक्टर सांगतात, त्याच पेशींना मोकळं सोडायचं. त्यांच्यावर शरीराने स्वतःच बसवलेले ब्रेक असतात. कर्करोग ते ब्रेक दाबून धरतो. नवं औषध ते सोडवतं. या ब्रेकांच्या शोधासाठी २०१८ साली जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना नोबेल मिळालं. औषध उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण माझी गाडी मुळातच ब्रेक नसलेली, आणि उभी बिचोली घाटाच्या तोंडाशी आहे अशी कल्पना करा. घाट मी मनचा घेतला आहे, तेवढं चालवून घ्या.

पहिल्या कर्करोगतज्ज्ञांनी हिरवी फाईल उघडली, आणि दोन मिनिटांत मिटली. "ऑटोइम्यून है? फिर इम्युनो नहीं देते." डाकार्बाझिन नावाची जुनी किमो सुचवली. तिने या रोगात फारसं हाताला लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं. का देत नाहीत, असं ह्यांनी विचारलं तर उत्तर आलं की अशा रुग्णांवर अभ्यास झालेला नाही.

हे अर्धं खरं आहे. ही औषधं ज्या मोठ्या चाचण्यांतून बाजारात आली, त्यांत माझ्यासारख्यांना घेतलंच नव्हतं. ज्यांचा ऑटोइम्यून आजार चालू आहे ते बाहेर, जे दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतात ते बाहेर. औषध सुरक्षित आहे की नाही हे तपासायचं म्हणून ज्याला धोका त्याला वगळलं, हे मी समजू शकते. पण मग तो वगळलेला माणूस आजारी पडला की त्यालाच सांगायचं, तुमच्यावर अभ्यास नाही. शाळेत नाव घालायचं नाही आणि नापास म्हणून शेरा मारायचा.

आणि अभ्यास अजिबात नाही असंही नाही. भाचीने शोधून वाचून दाखवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला. मेलानोमा आणि आधीचा ऑटोइम्यून आजार असे ५२ रुग्ण, त्यांना पीडी-वन, म्हणजे त्याच ब्रेकांपैकी एक, रोखणारं औषध दिलं. २० जणांचा जुना आजार उफाळला. सांध्यांच्या आजारवाल्यांचा जास्त उफाळला. पण त्या उफाळ्यामुळे औषध कायमचं सोडावं लागलं, असे दोघेच निघाले. आणि साधारण तिघांतल्या एकाच्या गाठी आकसल्या. ५२ ही संख्या आमच्या जुन्या चाळीतल्या माणसांहून कमी, हे मलाही कळतं. तरी "देत नाही" आणि "धोका आहे, जपून देऊन पाहू" यांत माझं उरलेलं आयुष्य बसतं, डॉक्टरसाहेब.

दुसऱ्या डॉक्टरांनी जपून देऊन पाहू म्हटलं. त्यांची मी आभारी आहे, आणि पुढची तक्रार त्यांचीच आहे.

ते म्हणाले, स्टेरॉइड दहाच्या खाली आणा. मी तेव्हा पंधरावर होते. आमवाताच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं, सोसेल तसं कमी करा. सोसेल तसं म्हणजे कसं? किती दिवसांनी किती? ही भाषा दोन डॉक्टरांनी आपसात बोलायची होती. ती आम्ही नवरा-बायकोने ओट्यावर बसून बोललो. पाचची वायसोलोन, म्हणजे त्या स्टेरॉइडची गोळी, सुरीने अर्धी करायची, तिचा चुरा व्हायचा, ह्यांनी तो कागदाच्या पुडीत दोन भागांत वाटायचा. जुन्या सोनाराच्या तागडीची आठवण आली मला. साडेबारा, दहा, साडेसात. साडेसातला सकाळी पांघरूण बाजूला सारता येईना. मेथोट्रेक्सेटही त्याच सुमारास बंद झालं होतं. ते पहिल्या सलाईनच्या आधी किती आठवडे बंद करायचं होतं, यावर दोन फायलींत दोन वेगळ्या तारखा आहेत. आजही आहेत.

जुलैच्या मध्यावर पहिलं सलाईन लागलं. अर्ध्या तासात संपतं. एवढ्याशा बाटलीचं औषध लाखाच्या घरात, आणि चढताना काहीही जाणवत नाही. दुसऱ्यानंतर मनगटं सुजली. ते आम्ही गृहीतच धरलं होतं. तिसरं ऑगस्टच्या शेवटी झालं.

अनंत चतुर्दशीची रात्र. इंदूरला ही रात्र काय असते ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, पण गिरण्यांच्या नावाने झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतातच, आखाडे निघतात, राजवाड्याकडचे रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी भरलेले. मला दुपारपासून जुलाब होत होते. संध्याकाळपर्यंत सात. शेजारच्या डॉक्टरांनी तेच विचारलं जे इंदूरमध्ये कोणालाही विचारतात, बाहेरचं काय खाल्लं? काही नाही, वरण-भात. अँटिबायोटिक आणि ओआरएस दिलं. रात्री अकराला पोटात पीळ पडून रक्त दिसलं. ह्यांनी कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. रिसेप्शनचा नंबर वाजत राहिला. रिक्षा मिळेना. शेवटी पुतण्याने स्कूटरवर मागे बसवलं आणि गल्ल्यागल्ल्यांतून नेलं. स्कूटरवर बसताना मागचं हँडल धरायला बोटं वळत नाहीत, म्हणून ह्यांचा मफलर आम्हा दोघांच्या कमरेला बांधला होता. लांबून ढोलाचा आवाज येत होता. बाकी मला त्या रस्त्याचं काही आठवत नाही.

इमर्जन्सीमधला मुलगा तरुण होता, चांगला होता, सकाळपासून उभा असणार. "किमो कब हुआ?" मी म्हटलं, किमो नहीं, इम्युनो. त्याने मान हलवली आणि कागदावर लिहिलं: पोस्ट किमो, लूज मोशन. सलाईन, दुसरं अँटिबायोटिक. दीड दिवस तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओपीडी संपवून मोठे डॉक्टर आले, त्यांनी कागद वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं. हा जुलाब खाण्यातून आलेला नव्हता. मोकळ्या सोडलेल्या पेशी आतड्यावर चालून गेल्या होत्या. याला अँटिबायोटिक लागत नाही, स्टेरॉइड लागतं, आणि लवकर लागतं. किमोचा जुलाब वेगळा, हा वेगळा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही. त्याला कोणी सांगितलं होतं? माझ्या दोन फायलींत मिळून काही शे कागद आहेत. त्यांत एकही कागद असा नव्हता की जो रात्री अकरा वाजता एका अनोळखी डॉक्टरच्या हातात ठेवला असता तर त्याला दहा ओळींत कळलं असतं की या बाईला काय दिलंय, हिला काय होऊ शकतं, आणि झालं तर कोणाला उठवायचं. परदेशात अशा रुग्णाच्या पाकिटात एक कार्ड असतं, असं भाची सांगते. मी आता माझं मीच केलंय. हिंदीत, कारण ज्याच्या हाती पडेल तो हिंदीच वाचणार. आधार कार्डाच्या पाठीला चिकटवलंय. वर मोठ्या अक्षरात: "कीमो नहीं, इम्यूनो. दस्त, साँस फूलना, पीलिया या छाती में दर्द हो तो साधारण बीमारी न समझें." खाली औषधाचं नाव, शेवटच्या सलाईनची तारीख, आमवात, स्टेरॉइडचा डोस. फोन नंबराची जागा रिकामी आहे. ती तुम्ही भरून द्यायची आहे, आणि तो फोन रात्री उचलला जायला हवा.

स्टेरॉइड साठ मिलिग्रॅमवर नेलं. पोट चार दिवसांत ताळ्यावर आलं. आणि मग एक गंमत झाली, तिला गंमत म्हणावं की काय ते ठरवता येत नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले आणि मूठ वळली. पुरती. अंगठा आत घेऊन. घरी आल्यावर मी कणीक भिजवली, कित्येक वर्षांनी. बरणीचं झाकण दाराच्या फटीत न अडकवता उघडलं. नातवाच्या शर्टाला बटण लावलं, सुईत दोरा मीच ओवला. डोस उतरत गेला तशी रोज सकाळी मूठ थोडी कमी वळत गेली, आणि मी ती रोज वळून बघत होते. साठवर राहायचं नाही हे माहीत आहे. हाडं, साखर, डोळे, आणि मुख्य म्हणजे ज्या औषधासाठी हा सगळा खटाटोप, त्याचाच जोर मोडायची भीती. पण त्या कणकेबद्दल मी दोघांपैकी कोणालाच बोलले नाही. कोणाच्या फायलीत लिहिणार ते?

मधल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसातला एक ठिपका लहान झालाय. दोन तसेच आहेत, वाढले नाहीत. नवीन नाही. आता प्रश्न असा की औषध पुन्हा सुरू करायचं की नाही. पिवळी फाईल म्हणते, सांध्यांची हमी मिळाली तर विचार करू. हिरवी म्हणते, आतड्याचं ते बघतील, सांध्यांसाठी मी काय द्यायचं ते त्यांच्या निर्णयावर. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि दोन्ही माझ्या पिशवीत पडून आहेत.

मोठ्या रुग्णालयांत ट्यूमर बोर्ड बसतं हे मला माहीत आहे. सर्जन, औषधांचे डॉक्टर, रेडिएशनचे, पॅथॉलॉजीचे, स्कॅन वाचणारे. नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशातल्या कर्करोग रुग्णालयांचं जाळं, २०१२ पासून आहे, तिच्यामार्फत लहान शहरांतले डॉक्टर पडद्यावरून मोठ्या केंद्रांचा सल्ला घेऊ शकतात. त्या टेबलाशी एक खुर्ची संधिवाततज्ज्ञाची ठेवा, एवढंच मागणं आहे. रोज नको. ज्या दिवशी माझ्यासारखी पिशवी येईल त्या दिवशी. आणि पहिलं सलाईन लागायच्या आधी, जुलाब होऊन गेल्यावर नको. आधीचं कोणतं औषध कधी थांबेल, स्टेरॉइड कोण आणि कोणत्या हिशोबाने उतरवेल, सांधे उफाळले तर कोणाकडे जायचं, आतडं उफाळलं तर कोणाकडे, हे एका कागदावर, खाली दोन सह्या.

दुसरं, आमची मोजदाद ठेवा. तुम्ही म्हणाल, हे संशोधन मोठ्या ठिकाणचं काम. पण टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅब, हेही ब्रेक सोडवणारंच औषध, फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागाहून कमी, सोबत स्वस्त गोळ्या. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ साली ते जगाने वाचलं. तो रोग वेगळा, माझा वेगळा, तो डोस मला लागू करा असं मी म्हणत नाही. मी एवढंच पाहते की आपल्या रुग्णांना काय परवडत नाही हा प्रश्न आपल्याच डॉक्टरांनी विचारला म्हणून उत्तर मिळालं. मग ऑटोइम्यूनवाल्यांना काय सोसतं हा प्रश्नही इथे कोणी विचारावा. साधी एक वही पुरेल. आमवात किती, सोरायसिस किती, ल्युपस किती, कोणाला काय दिलं, काय झालं. पहिल्या पानावर मला घाला. माझं औषध थांबलं तरी ती ओळ खोडू नका.

पुढच्या गुरुवारी माझी दोन्हीकडे वेळ आहे. सकाळी साडेदहा पिवळी, दुपारी चार हिरवी. मधले साडेपाच तास मी सहसा मामेबहिणीकडे काढते, ती बिचारी साबुदाण्याची खिचडी करते आणि मला ती आता पचत नाही. या गुरुवारी दोघांनी एकाच ठिकाणी यावं. अर्धा तास. कुठे ते तुम्ही ठरवा, मला दोन्ही दवाखाने सारखेच. फक्त पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे ना, ते आधी कळवा. पिशवी जड झाली आहे.

आपली,
रामबागेतली एक रुग्ण